लेट्यूसला कोणते नत्र? वऱ्हाडच्या पाण्यावरून एक आढावा

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर १९:१९:१९ ची एक किलोची पिशवी असते. ती उलटी करून मागची बारीक अक्षरे सहसा कोणी वाचत नाही. तिथे खत नियंत्रण आदेशाप्रमाणे नत्राची फोड दिलेली असते: नायट्रेट नत्र ४ टक्के, अमोनिकल नत्र ४.५ टक्के, युरिया नत्र १०.५ टक्के. पराटीवर फवारताना किंवा ठिबकातून संत्र्याला सोडताना हे तीन आकडे वेगळे वाचायची गरज पडत नाही, बेरीज कळली की पुरते. पण अकोला-अमरावतीकडे आता शेडनेटमध्ये, कुठे घराच्या गच्चीवर, पीव्हीसी पाइपांना भोके पाडून लेट्यूस लावणारे लोक भेटतात. हाताशी असते म्हणून पहिली टाकी ते याच पिशवीने भरतात. दहाव्या-बाराव्या दिवशी मुळे तपकिरी होतात, पानांच्या कडा आत वळतात, नवे पान टोकाशी जळते. मग दोष बियाण्याला दिला जातो किंवा उन्हाला. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा तो पिशवीच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

मातीत नत्र आपण घालतो, पण पिकापुढे ते कोणत्या रूपात मांडायचे हे माती ठरवते. युरिया पडला की जमिनीतले युरिएज हे विकर त्याचे अमोनियम करते. मग जिवाणूंची एक फळी अमोनियमचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. आपल्या काळ्या जमिनीत, ओल आणि ऊब असेल तर, हे काम थोड्याच दिवसांत उरकते. म्हणून पराटी पिवळी दिसली की पावसाच्या उघडिपीत युरिया टाकायचा हा पिढ्यांचा अनुभव खोटा नाही. जमीन हे जाते आहे. वरून कोणतेही धान्य टाका, खाली पीठच पडते. पाइपात जाते नाही. तिथे जे घालाल तेच मुळापुढे जाते, आणि लेट्यूसचे मूळ दळून खात नाही.

मातीविना पीक ही कल्पना आपल्याला नवी वाटते, पण ती प्रयोगशाळेत दीडशे वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत सॅक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या सुमारास क्षारांच्या पाण्यावर रोपे वाढवून दाखवली. कॅलिफोर्नियात होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये आपल्या द्रावणाचे पत्रक काढले, १९५० मध्ये ते सुधारले. आजही जगातली बहुतेक द्रावणे त्याच घराण्यातली आहेत. भारतात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला हे काम केले आणि त्याला ‘बेंगॉल पद्धत’ असे नाव पडले. पाण्याची पातळ धार सतत वाहती ठेवणारी एनएफटी पद्धत इंग्लंडात ॲलन कूपर यांनी उभी केली. आज आपल्याकडे पांढऱ्या पन्हळींचे जे सांगाडे विकत मिळतात, ते तिचेच वंशज.

होगलंड यांनी दोन द्रावणे दिली होती. पहिल्यात सगळे नत्र नायट्रेट होते. दुसऱ्यात पंधरा भागांपैकी चौदा नायट्रेट आणि एक भाग अमोनियम. तो एक भाग कशासाठी, हे कळले की या विषयातले निम्मे कळते.

मूळ नायट्रेट आत घेते तेव्हा एक ऋणभार आत येतो. हिशेब जुळवण्यासाठी मूळ बाहेर ऋणभारच सोडते, आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वर चढतो. अमोनियम घेताना उलटे होते. धनभार आत येतो, हायड्रोजन बाहेर पडतो, पाणी आंबट होते. टाकीत नुसते नायट्रेट असेल तर सामू रोज थोडा थोडा चढत जातो. लेट्यूसला साडेपाच ते सहाच्या आसपासचा सामू मानवतो. तो सातकडे गेला की लोह पाण्यात असूनही मुळाला मिळत नाही, आणि कोवळे पान पिवळे पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. वरूड-मोर्शीच्या बागाइतदाराला हे पान ओळखीचे आहे. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याचे पान असेच दिसते. द्रावणात थोडे अमोनियम असले की ही चढ आपोआप रोखली जाते. शिवाय थोड्या अमोनियमने वाढही जरा सुधारते, कारण नायट्रेटचे अमोनियम करायला झाडाला जी शक्ती खर्चावी लागते ती वाचते.

‘थोडे’ म्हणजे किती, यावर जगभरातल्या कामाचा कौल बराच एकमुखी आहे. एकूण नत्राच्या पाच ते पंधरा टक्के अमोनियम सुखाचे, वीस-पंचवीसच्या पुढे धोक्याचे, आणि निम्मे झाले की पीक बसते. डच शास्त्रज्ञांनी लेट्यूससाठी जे द्रावण रूढ केले त्यात अमोनियमचा वाटा साधारण सहा टक्के आहे. आता १९:१९:१९ कडे पुन्हा पाहा. युरिया बाजूला ठेवला तर उरलेल्या साडेआठ टक्क्यांत साडेचार अमोनियम आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त.

जास्त अमोनियम का बाधते? नायट्रेट झाड साठवून ठेवू शकते. पानातल्या पेशींच्या कोठारात ते पडून राहिले तरी झाडाला इजा नाही. अमोनियम साठवता येत नाही, मुळात आल्या आल्या त्याचे अमिनो आम्लात रूपांतर करावे लागते. त्यासाठी मुळाला साखर लागते आणि साखर जाळायला प्राणवायू. इथे वऱ्हाडचा उन्हाळा या गणितात शिरतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना साडेसात, पस्तिसाला सातच्याही खाली. पाणी तापले की मुळाचा श्वास वाढतो आणि हवा मात्र कमी होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने लेट्यूससाठी जी पद्धत बसवली तिच्यात द्रावण पंचवीस अंशांपुढे जाऊ द्यायचे नाही असा नियम आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि मार्चमध्येच गच्चीवरची उघडी टाकी दुपारी हाताला कोमट लागते. ज्या अमोनियमने डिसेंबरात पीक सुधारले, तेच अमोनियम मार्चअखेर मूळ मारते. परदेशी तक्ता जसाच्या तसा उचलणाऱ्याची फसगत इथेच होते. तक्ता चुकीचा नसतो, तो थंड पाण्याचा असतो.

अमोनियमचा दुसरा जाच कॅल्शियमवर आहे. दोन्ही धनभारी, म्हणून मुळाच्या दारात त्यांची रेटारेटी होते आणि कॅल्शियम मागे पडते. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर चढते. बाहेरच्या पसरट पानांतून बाष्प भरपूर उडते, तिथे ते पोचते. गड्ड्याच्या पोटातल्या मिटलेल्या कोवळ्या पानातून बाष्प उडत नाही, तिथे कॅल्शियमचा तुटवडा पडतो आणि कड काळपट तपकिरी होऊन वाळते. याला टिपबर्न म्हणतात, आणि हॉटेलवाला सगळ्यात आधी हेच पाहून माल परत करतो. कॅल्शियम नायट्रेट हे लेट्यूसचे मुख्य खत का, याचे उत्तर यात आहे. त्यात साडेपंधरा टक्के नत्र आहे, त्यातले १४.४ नायट्रेट आणि जेमतेम १.१ अमोनियम, आणि सोबत जवळपास १९ टक्के कॅल्शियम. अमोनियम सल्फेट पाण्यात छान विरघळते आणि स्वस्त आहे, पण त्याचे सगळे २१ टक्के नत्र अमोनियम आहे आणि कॅल्शियम शून्य. मातीत ते गुणी खत असेल, पाइपात मुख्य खत म्हणून ते नको. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये निम्मे नत्र अमोनियम आणि वर न विरघळणारी चुनखडी, म्हणजे ड्रिपरही बुजणार. शुद्ध अमोनियम नायट्रेट २०१२ पासून स्फोटकांच्या नियमांखाली आहे, त्याचा विचारच सोडावा.

आता युरिया. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरात युरियाचे पोते नाही असे होत नाही. सरकारी दराने पंचेचाळीस किलोचे पोते पावणेतीनशेच्या आत मिळते, त्यात ४६ टक्के नत्र, आणि पाण्यात टाकताच विरघळते. मोह होणारच. पण स्वच्छ द्रावणात युरिया तसाच पडून राहतो, कारण त्याला फोडणारे जिवाणू तिथे पुरेसे नसतात. मूळ तो थोडा आत घेते, मात्र आत घेतल्यावर त्याचे अमोनियम करायला झाडाला स्वतःचे युरिएज लागते, आणि युरिएजच्या गाभ्यात निकेल असते. या विकराची कथा मोठी आहे. १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी एका शेंगवर्गीय वेलीच्या बियांतून ते स्फटिकरूपात काढले आणि विकर हे प्रथिन असते हे त्यातून पुढे आले. त्यातले निकेल कळायला मात्र १९७५ उजाडावे लागले. मातीत निकेलचा अंश असतोच. नेहमीच्या ए-बी, म्हणजे दोन टाक्यांच्या, द्रावणात तो मुद्दाम घातलेला नसतो. मग युरिया पानाच्या टोकाशी साचतो आणि टोक करपते. निकेलचा सूक्ष्म अंश दिल्यावर युरियावरचे लेट्यूस सुधारते हे प्रयोगांत दिसले आहे, तरी ते नायट्रेटची बरोबरी करत नाही. निकेल हा जड धातू आहे. कच्च्या खाण्याच्या पानासाठी घरच्या घरी तो मोजून घालण्याच्या फंदात कोणी पडू नये, हे मी स्पष्ट सांगतो.

युरियाचा आणखी एक घोळ फारसा कोणी सांगत नाही. टाकीतले खत आपण ईसी मीटरने मोजतो. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते पाहते, आणि वीज वाहून नेतात भारित कण. युरियाला भारच नाही. पाण्यात कितीही युरिया असला तरी मीटरचा काटा हलत नाही. १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम घातले तर १९० मिलिग्रॅम नत्रापैकी १०५ मिलिग्रॅम मीटरला दिसतच नाही. नवा माणूस काटा कमी दाखवतो म्हणून आणखी एक चमचा टाकतो. खात्री करायची असेल तर बादलीभर पाण्यात मूठभर युरिया विरघळवा आणि मीटर बुडवा. आधीचा आणि नंतरचा आकडा जवळपास तोच येईल.

जैविक वाट निघेल का, हा प्रश्न वऱ्हाडात विचारला गेलाच पाहिजे. नैसर्गिक शेतीची चळवळ देशभर नेणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग पाइपात जीवामृत का नको? जीवामृत मातीतल्या जिवाणूंसाठी असते, आणि पाइपात माती नाही. शेण, गोमूत्र, बेसन यांतले नत्र सेंद्रिय साखळ्यांत अडकलेले असते. ते सुटे व्हायला जिवाणूंची पूर्ण फौज लागते, आणि बंद टाकीत ती फौज बसण्याआधीच कुजणारे जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात. पाण्याला वास येतो आणि मुळे बुळबुळीत होतात. जपानमध्ये मासळीपासून केलेले द्रव खत आधी सालीच्या कंपोस्टमधल्या जिवाणूंकडून नायट्रेटमध्ये बदलून घेऊन मग त्यावर भाज्या घेण्याची पद्धत बसवली गेली आहे. मत्स्यपालनाला जोडलेल्या ॲक्वापोनिक्समध्येही माशांचे अमोनिया गाळणीतल्या जिवाणूंकडून नायट्रेट होऊन येते. म्हणजे या वाटेने जायचे तर जाते आपणच बांधायचे. ते होते, पण ते वेगळे कसब आहे, आणि पहिल्याच हंगामात त्याच्या भरवशावर बसू नये.

खर्चाचा प्रश्न लगेच येतो, म्हणून हिशेबच मांडतो. लेट्यूसच्या दीडशे ग्रॅमच्या गड्ड्यात ९५ टक्के पाणी असते. उरलेल्या साडेसात ग्रॅम कोरड्या वजनात नत्र साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गड्ड्यामागे ग्रॅमचा तिसरा हिस्सा. हजार गड्ड्यांच्या पोटात जेमतेम साडेतीनशे ग्रॅम नत्र जाते. सव्वादोन किलो कॅल्शियम नायट्रेटमध्ये तेवढे असते. पन्हळी, पंप, शेडनेट आणि वीज यांपुढे हा खर्च नगण्य आहे. इथे युरिया वापरून वाचवलेला रुपया परत केलेल्या मालाच्या पहिल्याच टोपलीत जातो.

मऊ, म्हणजे क्षार नसलेल्या, हजार लिटर पाण्यासाठी सोप्या मापाची एक जुळणी अशी होते: कॅल्शियम नायट्रेट ७०० ग्रॅम, १३:०:४५ तीनशे ग्रॅम, १२:६१:० शंभर ग्रॅम, ०:०:५० शंभर ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम, आणि वर लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्ये. यात लिटरला १६० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र येते आणि त्याचा आठवा हिस्सा अमोनियम असतो. ही हिवाळ्याची जुळणी. फेब्रुवारी उलटला, पाणी तापू लागले की १२:६१:० काढा आणि त्याजागी ०:५२:३४ सव्वाशे ग्रॅम घाला. स्फुरद तेवढेच राहते आणि अमोनियम पाच टक्क्यांवर येते. ही सगळी खते वरूडच्या दुकानातही मिळतात, फक्त कॅल्शियम नायट्रेट सल्फेट-फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात कधी मिसळायचे नाही, नाहीतर तळाला पांढरा गाळ बसतो. म्हणून ए आणि बी अशा दोन टाक्या.

पण वऱ्हाडात मऊ पाणी आहे कुठे? इथे या आढाव्यात मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण नत्राच्या बाहेरच्या तक्त्यांत आपली विहीर कुठेच नसते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात भूजलात नायट्रेटचे प्रमाण गंभीर असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांची नावे आहेत. त्यात अमरावती आहे, बुलढाणा आहे, यवतमाळ आणि वर्धाही आहे. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. समजा एखाद्या विहिरीत ते दुप्पट, म्हणजे नव्वद आहे. नव्वद मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये वीस मिलिग्रॅम नत्र असते. हजार लिटर टाकीत एक चिमूट खत टाकण्याआधीच वीस ग्रॅम नत्र आलेले आहे. ते आपण शेतात टाकलेल्या युरियाचे, उकिरड्यांचे आणि शोषखड्ड्यांचे नत्र आहे, जमिनीतून झिरपून गेलेले. ते वजा करायचे तर १३:०:४५ दीडशे ग्रॅमने कमी करता येते. त्यातले पालाश मात्र ०:०:५० वाढवून भरून काढायचे.

दुसरी गोष्ट बायकार्बोनेटची. आपल्या विहिरींचे पाणी जड असते. पातेल्याच्या तळाला पांढरा थर चढतो तो त्याचाच. अशा पाण्याचा सामू खाली आणायला नायट्रिक आम्ल वापरतात, आणि ते आम्ल स्वतः नत्रच आहे. लिटरमागे ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट मारायला जेवढे आम्ल लागते त्यातून १४ मिलिग्रॅम नत्र पाण्यात येते. तीनशे मिलिग्रॅम बायकार्बोनेटच्या पाण्यातले थोडे राखून बाकीचे मारले तर पन्नास-पंचावन्न मिलिग्रॅम नत्र आम्लातूनच आले. विहिरीतले वीस त्यात मिळवा. पिकाला लागणाऱ्या दीडशेपैकी निम्मे नत्र खताचे झाकण उघडण्याआधीच टाकीत उतरले. वर तयार ए-बी संच बाटलीवरच्या मापाने ओतला की नत्र दीडपट होते. पान तजेलदार गडद दिसते आणि माणूस खूश होतो. पण असे पान मऊ निघते, लवकर कोमेजते, टिपबर्न वाढतो आणि पानात नायट्रेट साचते. आम्ल हाताळताना ते पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचे, पाणी आम्लात कधीच नाही; डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. ज्याला ही काळजी घेणे जमत नाही त्याने फॉस्फोरिक आम्लावर भागवावे आणि तितके स्फुरद खतातून कमी करावे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हा तर वेगळाच प्रांत. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. लेट्यूसला खार सोसत नाही. जमिनीच्या अर्काचा ईसी १.३ च्या पुढे गेला की त्याचे उत्पन्न घसरू लागते, आणि खारपाणपट्ट्यातल्या अनेक विहिरींचे पाणी खत घालण्याआधीच त्याच्या वर असते. पुन्हा तिथल्या पाण्यातले क्लोराइड मुळाच्या दारात नायट्रेटशी झगडते आणि सोडियम कॅल्शियमशी. खारे पाणी आरओ यंत्रातून काढले तर उरलेले दाट खारे पाणी टाकायचे कुठे हा प्रश्न राहतोच. त्या पट्ट्यात या पिकासाठी पाणी एकच: पावसाचे, प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात साठवलेले. त्यात बायकार्बोनेट नसल्यात जमा असते म्हणून आम्ल लागत नाही. मात्र सामू धरून ठेवणारेही काही नसते, तेव्हा अमोनियम थोडे जरी जास्त झाले तरी सामू एका रात्रीत साडेचारवर येऊ शकतो. शेततळ्याच्या पाण्यावर काम करणाऱ्याने सामू सकाळ-संध्याकाळ पाहावा.

आता पानाकडे, कारण ते शेवटी कोणाच्या तरी ताटात कच्चे जाते. लेट्यूस हे करडईच्या आणि सूर्यफुलाच्या कुळातले. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. कोवळ्या करडईची भाजी खाणाऱ्या वऱ्हाडाला त्याची किंचित कडवट चव परकी वाटू नये. पालकासारखेच हे पीक नायट्रेट साठवणारे आहे. पानात नायट्रेट येते मुळातून, आणि ते खर्च होते नायट्रेट रिडक्टेज या विकराकडून, ज्याला उजेड आणि मॉलिब्डेनमचा कण लागतो. उजेड कमी पडला की आवक चालू राहते आणि खर्च थांबतो. म्हणूनच युरोपीय संघाने लेट्यूससाठी ऋतूप्रमाणे मर्यादा घातली आहे. आच्छादनाखालच्या ताज्या लेट्यूसला हिवाळ्यात किलोमागे ५००० मिलिग्रॅम, उन्हाळ्यात ४०००; उघड्यावरच्या पिकाला त्याहून हजाराने कमी. माणसाच्या बाजूने पाहिले तर शरीराच्या किलोमागे रोज ३.७ मिलिग्रॅम नायट्रेटपर्यंत चिंता नाही असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवले आहे. पन्नास किलोच्या बाईला हे १८५ मिलिग्रॅम होते. तीन हजाराच्या लेट्यूसची पन्नास ग्रॅम पाने खाल्ली की त्यातले दीडशे आले. आणि नव्वद नायट्रेटच्या विहिरीचे दोन लिटर पाणी ती पीत असेल तर १८० त्यातूनच गेले. भाजीतले नायट्रेट रक्तदाबाला उपकारक ठरते असेही काम पुढे आले आहे, त्यामुळे घाबरून पालेभाजी सोडू नये. पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत ही गंमत नाही, आणि ज्या जिल्ह्याचे पाणीच नायट्रेटने भरलेले आहे तिथे उत्पादकाने हात राखून नत्र द्यावे, हे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे ऊन इतके, मग उजेड कमी कसा पडेल, असे वाटते. पण उन्हाला भिऊन आपण ७५ टक्क्यांची जाळी लावतो, कधी दुहेरी. बाहेर लखलखाट आणि आत संध्याकाळ. जुलै-ऑगस्टच्या झडीत तर बोलायलाच नको. मार्चमध्ये जाळी वाढवणाऱ्याने नत्र कमी केले पाहिजे. बहुतेक जण उलटे करतात, कारण उजेडाअभावी लांबट फिके झालेले पान त्यांना उपाशी वाटते. पाणी थंड ठेवण्याचे उपाय जाळीपेक्षा स्वस्त आहेत: टाकी जमिनीत पुरणे, वरून पांढरा रंग, पन्हळींवर दुपारी ओले गोणपाट.

काढणीआधी नायट्रेट उतरवायचे साधे मार्ग आहेत. शेवटचे तीन-चार दिवस द्रावणातले नत्र तोडले किंवा अगदी कमी केले तर झाड पानातला साठा वापरते आणि वजनात फारसा फरक पडत नाही. पहाटेऐवजी दिवसभराचे ऊन खाल्लेले पान तिसऱ्या प्रहरी कापले तर त्यात नायट्रेट कमी असते. पण आपल्याकडे दुपारी कापलेले पान बाजारात पोचेपर्यंत मान टाकते. म्हणून कापल्या कापल्या थंड पाण्यात बुडवण्याची सोय असेल तरच हे करावे, नाहीतर पहिला मार्ग बरा.

हंगामाबद्दल फार लिहायचे कारण नाही. पंधरा ते बावीस अंशांचे पीक ते. तिसाच्या वर त्याचे बी रुजतच नाही आणि रोप लवकर दांडा टाकून कडू होते. सपाटीवर ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी एवढेच महिने खात्रीचे. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, तिथे थोडी जास्त मुदत मिळते, पण तिथून ताजे पान खाली आणण्याचा खर्च वेगळा. थंड यंत्रे लावून बारा महिने घेता येईल, पण त्या विजेचे बिल मग लेट्यूसला नाही, माणसाला जाळते.

घरी पाहायचेच असेल तर चार बादल्या पुरेत. एकीत वरची जुळणी, एकीत १९:१९:१९, एकीत कॅल्शियम नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेट, एकीत युरिया. झाकणाला भोक, त्यात एकाच वयाचे रोप, प्रत्येकीत माशांच्या टाकीचा छोटा हवापंप. रोज सामू लिहून ठेवा. पहिल्या बादलीत आकडा किरकोळ हलताना दिसेल, तिसरीत घसरताना. दोन आठवड्यांनी झाकणे उचलून मुळे शेजारी शेजारी धरा. पांढरे, लांब, केसाळ मूळ आणि तपकिरी, आखूड, जाड मूळ यांतला फरक शाळेतले पोरगेही सांगेल. कर्ज काढून शेडनेट उभारण्याआधी प्रत्येकाने हा दोन आठवड्यांचा खर्च करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सांगाडा विकणारा तुम्हाला मुळे दाखवत नाही, तो ब्रोशरमधली पाने दाखवतो.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या मुलखाच्या जमिनीचा आणि पाण्याचा अभ्यास करत आले आहे. नत्राची शिफारस टाकीच्या मापाने नव्हे, विहिरीच्या पाण्याच्या प्रतीप्रमाणे तक्ता करून, तालुक्यागणिक आणि महिन्यागणिक दिली तर या पिकात उतरणाऱ्या पोरांचे पैसे वाचतील. विद्यापीठाने आणि जिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी असा तक्ता छापील कागदावर गावात लावावा. तोवर पाणी तपासून घ्या आणि अहवालात तीन आकडे मागा: नायट्रेट, बायकार्बोनेट, ईसी. हे तीन हातात नसताना टाकीत काहीही टाकू नका.

आणि एक. दर काही आठवड्यांनी टाकी रिकामी करावी लागते. हजार लिटरच्या त्या पाण्यात शंभर-दीडशे ग्रॅम नत्र अजून असते. ते नालीत सोडले तर पुढच्या पावसात कोणाच्या तरी विहिरीत जाते, आणि आपल्या विहिरींत ते आधीच पुरेसे आहे. ईसी पाहून ते पाणी पराटीच्या तासात किंवा संत्र्याच्या आळ्यात सोडा. तिथे त्याचे पीठ करायला माती आहे.